आधी बाद करा, मग निवडा: रेसचं कार्ड वाचायला शिकताना

पुण्यात पावसाळा लागला की कॅम्पातल्या रेसकोर्सवर सीझन सुरू होतो. दिवाळीच्या आसपास घोडे मुंबईला जातात आणि एप्रिलपर्यंत महालक्ष्मीला पळतात. दोन्हीकडचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडेच. त्यामुळे घोडे, ट्रेनर, जॉकी ही मंडळी बरीचशी तीच असतात. नवख्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. चार-सहा रविवार नीट लक्ष दिलं की कार्डावरची, म्हणजे त्या दिवसाच्या रेसेसच्या यादीतली, निम्मी नावं ओळखीची वाटायला लागतात.

पहिल्यांदा येणारा माणूस मात्र विजेता शोधायला बसतो. नाव आवडलं, रंग आवडला, शेजारच्याने कानात काही सांगितलं, की लावले पैसे. मी पहिलं वर्षभर हेच केलं. तबेल्यात ओळख असल्याचं सांगणारा एक गृहस्थ दर रविवारी मला 'पक्की' खबर द्यायचा. तो प्रत्येकाला वेगवेगळ्या घोड्याची पक्की खबर देतो, हे सहा महिन्यांनी कळलं. कुणाचा तरी घोडा लागणारच, आणि ज्याचा लागला तो या गृहस्थाला चहा पाजणारच! तेव्हापासून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी कोण जिंकणार नाही ते ठरवायचं. दहा घोड्यांतले सहा कारणासह बाद करता आले, की उरलेल्या चारांकडे बघायला वेळ आणि डोकं दोन्ही शिल्लक राहतं.

पैशांचं आधीच बोलून घेऊ. गेलेच तर जेवणाच्या बिलासारखे विसरता येतील, एवढेच पैसे खिशात घेऊन जा आणि बँकेचं कार्ड घरी ठेवा. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटलं, हे रेसवाले अभिमानाने सांगतात. खरंच आहे ते. पण सरकारला कौशल्याचं कौतुक नाही. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. वर मोठ्या जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के आयकर आधीच कापून घेतात, आणि इतर दिवशी हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. एवढं ओझं पाठीवर घेऊन नियमित नफा काढणं जवळजवळ अशक्य आहे. म्हणून मी हे उत्पन्न मानत नाही, छंद मानतो. सुरुवातीचे पाच-सहा रविवार तर एक रुपयाही न लावता नुसतं वहीत लिहून बघा. फोनवरून, ॲपवरून किंवा कुठल्या ग्रुपवरच्या 'भाऊ'कडे लावायच्या फंदात अजिबात पडू नका. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदाही २०२५ मध्ये आला आहे.

आदल्या रात्री: कार्ड गाळून घ्या

दिवसाला सात-आठ रेसेस असतात. सगळ्यांचा अभ्यास करायचा नाही. तीन निवडायच्या.

सगळ्यात आधी सोडून द्यायची ती कोवळ्या, कधीच न पळालेल्या घोड्यांची रेस. पुण्याच्या सीझनमध्ये तीन वर्षांच्या मेडन घोड्यांच्या, म्हणजे अजून एकदाही न जिंकलेल्यांच्या, रेसेस पुष्कळ असतात. त्यात निम्मे घोडे पहिल्यांदाच उतरत असतील तर तुमच्याकडे आई-बापाचं नाव आणि सकाळच्या सरावाचे आकडे, एवढंच असतं. तबेल्यातल्या लोकांना तुमच्यापेक्षा खूप जास्त ठाऊक असतं. तिथे बघ्याची भूमिका घ्या.

दुसरी सोडायची ती अगदी तळाच्या क्लासची, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाची, तेरा-चौदा घोड्यांची रेस. त्यातले बरेच घोडे वर्षभर हरत आलेले असतात, आणि एखाद दिवशी त्यातला कुणीतरी कारण नसताना जिंकतो.

उरतात त्या मधल्या क्लासच्या, आठ-दहा घोड्यांच्या रेसेस, ज्यात बहुतेक घोडे गेल्या दोन महिन्यांत पळालेले आहेत. नवख्याने हात चालवायची जागा हीच.

रेटिंग आणि वजन: सगळं गणित इथे आहे

रेसबुकमध्ये प्रत्येक घोड्यापुढे वजन लिहिलेलं असतं. हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्याला जास्त वजन आणि कमी चांगल्याला कमी, म्हणजे कागदावर सगळे एकाच वेळी पोचावेत. हे ठरवतो क्लबचा हँडिकॅपर. तो प्रत्येक घोड्याला एक रेटिंग देतो. क्लास ४ म्हणजे साधारण २० ते ४६ रेटिंग, क्लास ३ म्हणजे ४० ते ६६, क्लास २ म्हणजे ६० ते ८६. त्याच्या वर क्लास १, खाली क्लास ५. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. म्हणजे एकाच क्लास ४ च्या रेसमध्ये वरच्या आणि खालच्या घोड्यात १३ किलोंचा फरक पडू शकतो.

घोडा जिंकला की रेटिंग वाढतं, हरत राहिला की हळूहळू उतरतं. त्यामुळे क्लासच्या कडेला उभे असलेले घोडे बघायची सवय लावा. ४४ रेटिंगचा घोडा क्लास ३ मध्ये पळाला तर तिथला जवळजवळ सगळ्यात कमी वजन घेणारा, आणि क्लास ४ मध्ये उतरला तर तिथला जवळजवळ सगळ्यात जास्त वजन घेणारा. क्लास ३ मध्ये चार वेळा पाचवा-सहावा आलेला घोडा आज क्लास ४ मध्ये आला असेल, तर त्याचे ते 'पाच, सहा, पाच, सहा' वाटतात तेवढे वाईट नसतात. तो वरच्या इयत्तेत मार खात होता.

आता एक कल्पित उदाहरण. १४०० मीटरची क्लास ४ ची रेस आहे. महिन्यापूर्वी याच अंतरावर ३ नंबरचा घोडा ५७ किलो घेऊन जिंकला आणि ७ नंबरचा ५३ किलोंवर दोन लेन्थ (लेन्थ म्हणजे घोड्याची लांबी, सुमारे २.४ मीटर) मागे दुसरा आला. जिंकल्यामुळे ३ नंबरच्या घोड्याचं रेटिंग सात पॉइंटने वाढलं, ७ नंबरच्याचं तेवढंच राहिलं. आज ते ५९.५ आणि ५२ किलोंवर पळतायत. आधीचा फरक चार किलो होता, आता साडेसात झाला. म्हणजे ७ नंबरच्या बाजूने साडेतीन किलो झुकलं. १४०० मीटरला एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लेन्थ धरतात. (१००० मीटरला एका लेन्थसाठी दीड किलोच्या आसपास वजन लागतं, २४०० मीटरला अर्धाच किलो. पल्ला लांबला की तेच वजन जास्त जाणवतं.) हिशेब असा निघतो: दोन लेन्थने हरलेला ७ नंबर, आज कागदावर दीड लेन्थ पुढे.

पण ३ नंबरचा तेव्हा कसा जिंकला होता? जॉकीने शेवटच्या शंभर मीटरला लगाम आवरून धरला होता की चाबूक मोडेपर्यंत हाणत आणला होता? आवरून जिंकला असेल तर ते दोन लेन्थ खरे दोन नव्हतेच, पाचही असतील. हे आकड्यांत दिसत नाही. त्यासाठी जुन्या रेसचा व्हिडिओ बघावा लागतो, आणि मी तरी आदल्या रात्रीचा बराचसा वेळ त्यातच घालवतो. विजेत्याकडे बघायचंच नाही. तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या आलेल्या घोड्यावर नजर ठेवायची. वळणावर कोण बाहेरून लांबचा फेरा घेऊन आला, कोणाला समोर भिंत लागली, कोण गेटमधून सुटतानाच दोन लेन्थ मागे राहिला.

फॉर्मचे आकडे वाचताना

नावाशेजारी मागच्या रेसेसचे क्रमांक असतात. नवखा माणूस १-१-२ बघून खुश होतो. तेवढ्यावर थांबू नका. ते एक-एक-दोन कुठल्या क्लासमध्ये, किती अंतरावर, किती वजनावर, कुठल्या ट्रॅकवर आले? मुंबईच्या कोरड्या ट्रॅकवर उन्हाळ्यात जिंकलेला घोडा ऑगस्टच्या पुण्यात ओल्या गवतावर तसाच पळेल, अशी खात्री नसते. काही घोडे मऊ जमिनीत पाय टाकायलाच बिचकतात. काहींना चिखल मानवतो. जुन्या रेसेसमधून हा स्वभाव उमगतो. आदल्या रात्री झालेल्या पावसावर सकाळी पुन्हा विचार करावा लागतो, आणि त्यात दोन घोडे सहज बाद होतात.

अंतराचंही तसंच. १००० मीटर म्हणजे जेमतेम एक मिनिट, श्वास रोखून मारलेली धाव. १६०० मीटर वेगळा खेळ आहे. आणि डर्बीचं २४०० मीटर अंतर अडीच मिनिटांच्या आसपास घेतं. १२०० वर दमून मागे पडणारा घोडा १४०० वर उतरवला असेल तर मी बिनधास्त काट मारतो. उलट, १२०० वर शेवटी जोर धरून चौथा आलेला आणि आता १४०० वर आलेला घोडा माझ्या चारांत असतोच.

वयाची एक गंमत इथेच सांगतो, कारण ती पुढे गोंधळात टाकते. जन्म कुठल्याही महिन्यातला असो, सगळे घोडे १ जानेवारीला एका वर्षाने मोठे होतात. म्हणून मुंबईत डिसेंबरमध्ये गिनीज नावाच्या मोठ्या रेसेसना तीन वर्षांचे असलेले घोडे फेब्रुवारीत इंडियन डर्बीला चार वर्षांचे म्हणून पळतात. घोडे तेच, पिढी तीच. जुलै-ऑगस्टच्या पुण्यात हीच पिढी शाळकरी पोरांसारखी वाढत असते. महिन्याभरात अंगात फरक पडतो. त्यामुळे जुन्या, मुरलेल्या घोड्याचा दोन महिन्यांपूर्वीचा फॉर्म भरवशाचा असतो, तीन वर्षांच्या घोड्याचा तेवढा नाही.

आणि कितीही चांगला घोडा असला तरी हरतो, हे डोक्यात पक्कं असू द्या. भारतातल्या गाजलेल्या घोड्यांपैकी स्क्वॉन्डरर १९ रेसेसपैकी १८ जिंकला, इल्यूसिव्ह पिम्परनेल २३ पैकी २२. म्हणूनच त्यांची नावं अजून निघतात. रविवारच्या क्लास ४ मध्ये असा घोडा नसतो. तिथले घोडे वर्षात एकदा-दोनदा जिंकले तरी मालक पेढे वाटतो.

रेस कशी घडेल, ते आधी मनात पळवा

गाळून उरलेल्या घोड्यांचा कागदावर एक क्रम लावा: गेट उघडल्यावर पुढे कोण जाईल? एकच घोडा आघाडी मारणारा असेल आणि त्याला कुणी छेडणार नसेल, तर तो आपल्या सोयीने संथ नेतो आणि शेवटी ताकद राखून ठेवतो. असा घोडा फॉर्मपेक्षा दोन पायऱ्या वर धरा. तिघे आघाडीवाले असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचं फावतं. लहान अंतराच्या रेसमध्ये वळण लवकर येत असेल तर बाहेरच्या ड्रॉचा, म्हणजे बाहेरच्या गेटमधून सुटणारा, आघाडीवाला घोडा आत यायला धडपडतो आणि तिथेच दम संपवतो. पुण्या-मुंबईत बऱ्याचदा गवत वाचवायला खोटी रेलिंग लावतात. ती किती मीटर बाहेर आहे हे जाहीर होतं. रेलिंग बाहेर आली की पळायची वाट अरुंद होते, मागून येणाऱ्याला मोकळी जागा मिळणं अवघड जातं.

सकाळचा सराव

वर्तमानपत्रात किंवा रेसबुकात असं काहीतरी छापून येतं: '१०००/१-७, ६००/४०, ईझी'. याचा अर्थ घोडा एकूण १००० मीटर १ मिनिट ७ सेकंदांत पळाला, त्यातले शेवटचे ६०० मीटर ४० सेकंदांत, आणि त्याला जोर लावलेला नव्हता. '६००/३६, प्रेस्ड' म्हणजे वेळ चांगली, पण घोड्याला पिळून काढली. नवख्याला दुसरा आकडा भारी वाटतो. मला पहिला जास्त बोलका वाटतो, त्यातही तोच घोडा दोन आठवड्यांपूर्वी ४३ ला पळाला असेल तर. एकमेकांशी तुलना करू नका. पाठीवर जड रायडर होता की हलका, वाळू भिजलेली होती की कोरडी, यावर दोन सेकंद इकडे-तिकडे होतात. घोड्याची तुलना त्याच्याच मागच्या सरावाशी करा. लांबच्या सुट्टीनंतर परतणारा घोडा असेल तर मॉक रेसमध्ये, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या रेसमध्ये, तो कसा पळाला हे बघितल्याशिवाय त्याला हात लावू नका.

ट्रेनर आणि जॉकी यांच्याबद्दल थोडक्यात. मोठ्या ट्रेनरचे दोन घोडे एकाच रेसमध्ये असतील तर तबेल्याचा मुख्य जॉकी कशावर बसलाय ते बघा. पण तेही वेदवाक्य नाही. जॉकी वजनामुळेही घोडा बदलतो. शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते. चांगला हात असलेलं शिकाऊ पोरगं तळाच्या वजनावर बसलं असेल तर ती दखल घेण्यासारखी गोष्ट. पहिल्यांदाच ब्लिंकर्स, म्हणजे डोळ्यांच्या बाजूच्या झापडी, लावल्या असतील तर वहीत खूण करा. बावचळणारे घोडे त्याने कधीकधी एकदम सरळ पळायला लागतात.

भाव बघायच्या आधी स्वतःचा भाव लिहा

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच. चार घोडे उरलेत ना? प्रत्येकाची जिंकायची शक्यता टक्क्यांत लिहा. बाद केलेल्यांसाठी पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा, कारण तुम्ही चुकणार आहात. समजा आपल्या ७ नंबरला तुम्ही २५ टक्के दिलेत. म्हणजे चार वेळा ही रेस झाली तर तो एकदा जिंकेल. मग १०० रुपयांवर ३०० नफा हा त्याचा रास्त भाव. बुकी १०० ला १५० देत असेल तर तो भाव ४० टक्क्यांचा आहे. घोडा आवडता असला तरी सोडा. ४५० देत असेल तर आता विचार करायला हरकत नाही, पण त्याच वेळी स्वतःला विचारा, बाकीच्यांना काय दिसतंय जे मला दिसलं नाही?

भाव आधी बघितला की मेंदू आपोआप फेव्हरिटच्या, म्हणजे सगळ्यात कमी भावाच्या घोड्याच्या, बाजूने कारणं शोधतो. तीनातला साधारण एक फेव्हरिट जिंकतो हा जगभरचा जुना अनुभव आहे. म्हणजे तीनातले दोन हरतात. पण कुठला एक, ते भावातून कळत नाही.

पॅडॉकजवळ उभं राहा

प्रत्येक रेसआधी घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरवतात. स्टँडमधली खुर्ची सोडा आणि कठड्याशी जा. पहिल्या दिवशी सगळे घोडे सारखेच सुंदर दिसतात. चौथ्या रविवारी फरक दिसायला लागतो. अंगावर तकाकी, मागच्या मांड्यांत भरीव स्नायू, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडेल अशी ऐसपैस चाल, कान पुढे, मान शांत: हे चांगलं. मांड्यांच्या मधे साबणासारखा फेस, डोकं सारखं झटकणं, दोन-दोन मोतद्दारांनी धरावं लागणं: हे वाईट. मुंबईच्या दमट हवेत थोडा घाम सगळ्यांनाच येतो, त्यावरून घाबरू नका. पुण्याच्या गार हवेत एकटाच घोडा भिजलेला असेल तर त्याची धाव पॅडॉकमध्येच संपली असं समजा. पॅडॉक बघून मी नवा घोडा कधी निवडत नाही. फक्त माझ्या चारांतला एखादा काढून टाकतो.

खिडकीवर

टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र जमतात, कर आणि क्लबचा वाटा कापून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. तिथे भाव शेवटपर्यंत हलत राहतो. बुकीकडे तुम्ही लावता त्या क्षणाचा भाव मिळतो. टोटचा डिव्हिडंड १० रुपयांच्या हिशेबात सांगतात. विनला ४४ आले म्हणजे १० चे ४४ हातात, मूळ १० धरून.

नवख्याने विन (घोडा पहिला येणं) आणि प्लेस (पहिल्या काही क्रमांकांत येणं) यांपलीकडे जाऊ नये. सेकंड हॉर्स पूल, म्हणजे फक्त दुसरा कोण येईल ते सांगणं, मजेशीर असतं. पण जिंकण्याची क्षमता असलेला घोडा तिथे लावलात आणि तो पहिला आला तर आनंदाश्रू कोणते आणि खरे अश्रू कोणते ते कळत नाही. ट्रेबल, जॅकपॉटचे आकडे फळ्यावर मोठे दिसतात. ट्रेबलला तीन, जॅकपॉटला सलग पाच रेसेसचे विजेते सांगायचे म्हणजे तुम्ही सोडून दिलेल्या रेसेसही त्यात ओढल्या जातात, आणि आदल्या रात्रीची सगळी गाळणी वाया.

रात्री वही पुन्हा उघडा

घोडा लागला की नाही, हे लिहून फारसं काही शिकता येत नाही. कारण लिहा. 'बाद केलेला ५ नंबर जिंकला: ओला ट्रॅक लक्षात घेतला नाही.' '७ नंबर तिसरा आला: चारशे मीटरला आत अडकला, बाहेर काढेपर्यंत दोन लेन्थ गेले, शेवटी सगळ्यांत जोरात.' ही दुसरी ओळ सोन्याची आहे. हँडिकॅपर त्याला तिसरा म्हणून बघतो. पेपरातही तिसराच छापून येतो. तीन आठवड्यांनी तो पुन्हा तेवढ्याच वजनावर कार्डात दिसेल, आणि तेव्हा त्याच्या नावापुढे तुमच्या वहीत ती ओळ असेल.